बाईंचा विराम

फाल्गुन वद्य पंचमी. आभाळ दाटलेले, वारा पडलेला, सकाळपासून उकाडा.

त्या दुपारी एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंकडे शेवटच्या तालमीला आली. गुरूंना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी उभे आयुष्य एका थोर गायिकेच्या मागे तंबोऱ्यावर बसून घालवले होते. त्या गायिकेला गाव नुसते ‘बाई’ म्हणे. बाई जाऊन बरीच वर्षे झाली होती. शिष्येने त्यांना प्रत्यक्ष कधी ऐकले नव्हते. तिच्याजवळ होती ती त्यांची शेवटची ध्वनिमुद्रिका. त्या मुद्रिकेतला भीमपलास राग तिने ऐकून ऐकून गळ्यात बसवला होता. अष्टमीला बाईंची पुण्यतिथी होती आणि यंदा गायचा मान तिला मिळाला होता. फक्त अण्णांचा होकार बाकी होता. महिनाभराच्या रियाजाने तिचा गळा शिणला होता, मनही.

अण्णांनी तंबोरा मांडीवर घेतला. ती गाऊ लागली. अंतऱ्यात निषादावरून वरच्या षड्जाकडे निघाली आणि मध्येच क्षणभर गप्प झाली. मग षड्ज लावला. हीच ती प्रसिद्ध जागा. गावात तिला ‘बाईंचा विराम’ म्हणत.

अण्णांनी तंबोरा बाजूला ठेवला, थर्मासमधले कोमट पाणी पेल्यात ओतले आणि पेला तिच्यापुढे सरकवला.

“नको अण्णा, तहान नाही.”

ती पुन्हा गायली. त्याच जागी थांबली. या वेळी अण्णा गुडघ्यावर हात टेकत उठले आणि त्यांनी खिडकी उघडली. तिसऱ्यांदा ती थांबली तसे ते आत तोंड करून ओरडले, “सूनबाई, डॉक्टरांना फोन लाव गं!”

सून पिठाच्या हातांनी धावत आली. “काय झालं?”

“हिला दम लागतोय.”

“मला कुठं दम लागतोय?” शिष्या चिडली.

“मग थांबलीस कशाला?”

“मी थांबले नाही. तो बाईंचा विराम आहे!”

सुनेने कपाळाला हात लावला आणि ती आत गेली. अण्णा हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

“विराम!” ते म्हणाले. “पोरी, त्या दिवशी दम्यानं बाईंना पहाटेपासून छळलं होतं. षड्जाच्या तोंडाशी श्वास संपला. एका हातानं तंबोरा छेडत मी दुसऱ्या हातानं पाणी पुढं केलं. त्यांनी एक घोट घेतला आणि मग षड्ज लावला. ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला, परत घेऊ. बाई म्हणाल्या, ‘परत घ्यायला दम कुठून आणू? राहू दे.’ तो घोट काही मुद्रिकेत ऐकू येत नाही. नुसता तंबोरा आणि तबल्याचा ठेका चालू राहतो. लोकांनी त्या रिकाम्या जागेला नमस्कार केला. दर पुण्यतिथीला जो येतो तो बाईंचा दमा गाऊन जातो, आणि मी मागं बसून साथ करतो. थकलो गं आता. धडधाकट होत्या तेव्हा बाई तिथं थांबत नसत. सरळ वर जात. लागला तर लागला षड्ज, नाही तर नाही. त्यांचं गाणं ते होतं. तू गाणं घे. आजार त्यांच्याबरोबर गेला, त्याला जाऊ दे.”

शिष्या खाली बघत हळूच म्हणाली, “लोक त्याच जागेची वाट बघत असतात, अण्णा. थांबले नाही तर म्हणतील, हिला बाई कळल्याच नाहीत.”

“म्हणतील,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी तंबोरा पुन्हा मांडीवर घेतला.

अष्टमीला हवा कोरडी होती. अण्णा थर्मास शेजारी ठेवून मागे तंबोऱ्यावर बसले. अंतऱ्यात शिष्या निषादावरून न थांबता वर गेली. षड्ज लागला, किंचित कापरा. दाद आली नाही. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याकडे झुकून म्हणाले, “विराम विसरली.” गाणे संपले तेव्हा अण्णांच्या शेजारच्या थर्मासचे झाकण उघडलेले नव्हते.