गोंदाईची दोरी

सकाळी दोरी काढायची की नाही, या काळजीनं माझा डोळा लागेना. आम्ही निंबगडच्या पाणदरवाजात राहतो, कमानीच्या वरच्या खोलीत. वास्तू संरक्षित आहे, आम्ही नाही. पर्यटक दार न वाजवता आत येतात आणि माझ्या कुकरसकट फोटो काढतात. आज पुस्तकासाठी फोटो काढणारे साहेब सांगून गेले, "वहिनी, उद्या तेवढी कमानीतली कपड्यांची दोरी काढा. कमान मोकळी दिसली पाहिजे." मी बरं म्हणाले, कपडे घड्या करून ठेवले. दोरीवर कमान तोललेली नसते, हे भौतिकशास्त्र शिकलेल्या मला ठाऊक आहे. तरी भिंतीवरची चीर बघत पडले होते. शेजारी पाच वर्षांची रेणूही टक्क जागी. मग तिला गोंदाईची गोष्ट सांगायला घेतली.

फार मागे, गडावर पहारे असत तेव्हा, याच खोलीत गोंदाई राहायची. नवरा दरवाजा राखायचा, ती बाळ राखायची. कमान इतकी देखणी की लांबलांबून लोक बघायला येत. कुणी चुलीपाशी उभं राहून छत न्याहाळी, कुणी निजल्या बाळाला ओलांडून खिडकी गाठी. "भाग्यवान हो तुम्ही, इथं राहता," असं जो तो म्हणे. गोंदाई म्हणे, "मग राहा की दोन दिवस. मी माहेरी जाऊन येते." कुणी राहत नसे.

एकदा सरदारांचा चित्रकार आला. कमानीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बाळाच्या दुपट्यांची दोरी.

"बाई, दोरी काढा."

"दुपटी ओली आहेत."

तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. दुपटी ओलीच.

"रोज कशी ओली असतात?"

"बाळ रोज असतं ना, म्हणून."

शेवटी तिची पाठ वळल्यावर त्यानं सुरीनं दोरी कापली. असं म्हणतात, दोरी तुटली आणि कमान कण्हली. मधला दगड खाली सरकला, आणि त्याच्याच खाली पाळणा टांगलेला. चित्रकार पळाला. गोंदाईला भ्यायलाही सवड नव्हती. "आता हेही मीच धरायचं," म्हणाली, दोरीची दोन टोकं दोन मनगटांना गुंडाळली आणि ओढून धरली. दगड होता तिथं थांबला. असं म्हणतात, बाळ पोटभर झोपून उठेपर्यंत ती तशीच उभी होती, कमान तोलून. मग तिनं गाठ मारली.

चित्रकार ओशाळून परत आला. दोरीसकट चित्र काढतो म्हणाला. गोंदाईनं मातीत पडलेली दुपटी धुऊन त्याच्या हातात दिली. "चित्र मग. आधी ही पिळा."

म्हणून आजही निंबगडात बारसं झालं की बाळाचं दुपटं पाणदरवाजाच्या दोरीवर वाळत घालतात. ते पाहुण्यानं पिळायचं, घरच्यांनी हात लावायचा नाही. नवी दोरी बांधल्याशिवाय जुनी सोडत नाहीत, आणि गोंदाईच्या नावानं ती कधी रिकामी ठेवत नाहीत.

गोष्ट इथं संपली. खाली दोरी रिकामीच होती.

रेणू उठून बसली. मग म्हणाली, "आई, माझी चादर ओली झालीय. पण तू पिळू नकोस. सकाळी ते साहेब येणारेत ना."