फाटक्या कानाची मोहोर

एका राज्यात, जिथे डोंगर ढगांशी बोलत आणि पाखरे माणसांशी, मणिधर नावाचा राजा होता. राज्याच्या उत्तरेला एक खिंड होती. एके वर्षी त्या खिंडीतून शत्रू आला. सेनापती गजमल्ल दहा हजार स्वार घेऊन गेला आणि शत्रूचे निशाण दिसताच शेपूट घालून परतला. खिंडीत उरला एकच परका माणूस. ओर्दान त्याचे नाव, बर्फाळ मुलखातला घोड्यांचा व्यापारी. त्याने या राज्याचे मीठ खाल्ले नव्हते, की कुणी त्याला मदतीला बोलावले नव्हते. खिंडीखालच्या गावात बायकापोरे आहेत एवढे त्याने पाहिले आणि आपले सहा नोकर घेऊन तीन दिवस खिंड अडवून धरली. चौथ्या दिवशी शत्रू माघारी गेला. ओर्दान मात्र परतला नाही.

आता पुढचे ऐका. ऐकून तुमचे रक्त तापले नाही, तर मी ही कथा उगाच सांगितली म्हणायची.

राजाने ठरवले, ओर्दानच्या नावाची सोन्याची मोहोर पाडायची. एकच पाडायची आणि लगेच ठसा फोडून टाकायचा. म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर तशी दुसरी मिळायची नाही, आणि शेजारचे राजे ती बघायला येतील! मेलेल्याचा मान राहिला बाजूला, हौस होती ती दुर्मिळ वस्तूची. सोने आणले धूम्रकेश जादूगाराकडून. तो म्हणाला, "सोने देतो. यावर खोटे कोरू नका."

राजा म्हणाला, "वीराच्या मोहोरेवर खोटे कसले?"

टांकसाळीत ठसे कोरायला हंसाई होती. तिने ओर्दानला बाजारात घोडे विकताना पाहिले होते. बसके नाक, विरळ दाढी, आणि डावा कान अर्धा फाटलेला. तिने तो तसाच कोरला. मग गजमल्ल ठसा पाहायला आला.

"हा कसला कान?"

"त्याचाच आहे, सेनापती."

"राज्याच्या मोहोरेवर फाटका कान? नीट कर. नाक सरळ कर. डोक्यावर आपली पगडी चढव. आणि मिशा दे, माझ्यासारख्या पीळदार."

हंसाईने मान खाली घातली. चार दिवसांत तिने ओर्दानचा गजमल्ल करून टाकला. खिंडीत जो मेला त्याचा चेहरा पुसला, आणि जो पळाला त्याचा सोन्यात आला! सांगताना माझीच जीभ पोळते.

त्या टांकसाळीची एक रीत होती. नवी मोहोर पडली, की ठसा कोरणाऱ्यानेच ती दारातल्या काळ्या दगडावर टाकायची, कान देऊन नाद ऐकायचा आणि मोठ्याने सांगायचे, "बोलली!" मगच ती मोहोर राज्याची. हंसाईने मोहोर टाकली. ओल्या चिखलात पडावी तशी ती पडली, आवाजच नाही. सगळे हंसाईच्या तोंडाकडे पाहत होते. गजमल्लही पाहत होता, आणि त्याचा हात तलवारीच्या मुठीवर होता.

"बोलली," हंसाई म्हणाली.

त्या क्षणी राज्यातला सारा धातू मुका झाला. देवळातली घंटा हलली, पण वाजली नाही. गुरांच्या गळ्यातली घुंगरे गप्प झाली आणि गाई रानात हरवू लागल्या. लोहार घण मारी, तो जणू कापसावर. रांगत्या बाळांचे वाळे वाजेनात, तेव्हा आया त्यांना कंबरेला दोरी बांधून ठेवू लागल्या. राजाने काय करावे? राजवैद्याला बोलावून घंटांना काढा चोपडायला लावला! हसू नका, खरेच लावला.

अशात एक म्हातारी काठी टेकत दरबारात आली. ती ओर्दानची आई होती. बर्फातून तीन महिने चालत आली होती आणि तिच्या डोळ्यांवर पडदा उतरत होता.

ती म्हणाली, "राजा, आमच्या मुलखात माणसाचे चित्र काढत नाहीत. माझ्याकडे माझ्या लेकाचे काही नाही. ऐकले, की तू त्याला सोन्यात कोरलेस. डोळे जायच्या आत एकदा पाहू दे."

राजा खूश झाला. स्फटिकाच्या पेटीतली मोहोर तिच्यासमोर धरली. म्हातारीने पेटी पार नाकाशी नेली.

"हा कोण?"

"तुझा ओर्दान."

"नव्हे. माझ्या लेकाचा कान लहानपणी घोड्याने चावला. मी तो घोड्याच्याच केसाने शिवला, पण एक टाका निसटला. तो कान कुठे आहे?"

गजमल्ल हसला. "म्हातारीची नजर गेली, महाराज." मग दरबारही हसला. ज्या बाईच्या लेकामुळे त्यांची घरे उभी होती, त्या बाईला ते हसले!

म्हातारी टांकसाळीच्या दारात गेली आणि काळ्या दगडावर बसून राहिली. रोज सकाळी हंसाईला तिच्या अंगावरून आत जावे लागे. रोज म्हातारी विचारी, "आज उजेड कमी आहे का गं?" बाहेर लख्ख ऊन असे.

तिसऱ्या दिवशी आढ्यावरची साळुंकी बोलली. ती धूम्रकेशाची साळुंकी होती, सोन्याबरोबरच आली होती. "हंसाई, तीन गोष्टी आण. खजिन्यातली मोहोर आण. ओर्दानचा चेहरा आण. आणि खोटे ज्याने केले, त्याच्या तोंडचा खरा शब्द आण. त्याशिवाय हे सोने वितळायचे नाही."

हंसाई निघाली. खजिन्यावर लोखंडी पहारेकरी होता. कुणी आत शिरले की तो घणाने झांज वाजवी आणि सारे सैन्य धावून येई. हंसाई भर दुपारी आत शिरली. पहारेकऱ्याने झांज वाजवली. झांज मुकी. पुन्हा वाजवली, पुन्हा मुकी. बिचारा आपल्या हाताकडे पाहत उभा राहिला आणि हंसाई त्याच्या समोरून मोहोर घेऊन बाहेर पडली.

मग ती खिंडीतल्या तळ्यावर गेली. मरताना जो कुणी तिथले पाणी पिई, त्याचा चेहरा ते तळे जपून ठेवी.

तळे म्हणाले, "ओर्दान माझ्यापाशी आहे. त्याच्या बदली मला तुझा चेहरा दे. पुन्हा तो तुला कुठल्या आरशात, कुठल्या पाण्यात दिसणार नाही."

"घे," हंसाई म्हणाली, आणि ओर्दानचा चेहरा परातीत घेऊन, पाणी न सांडता, डोंगर उतरली.

टांकसाळीच्या अंगणात राजा, गजमल्ल आणि शिपाई तिची वाटच पाहत होते.

"चोर!" राजा गरजला.

हंसाईने परात खाली ठेवली, मोहोर भट्टीतल्या मुशीत टाकली आणि गजमल्लाकडे वळली. "सेनापती, आता खरा शब्द बोला. चेहरा तुम्ही बदललात."

गजमल्लाने मिशांना पीळ दिला. "मी फक्त सांगितले. कोरला कुणाच्या हातांनी? आणि दगडाशी उभे राहून 'बोलली' म्हणाले कोण?"

भट्टी धगधगत होती, पण मुशीतली मोहोर वितळत नव्हती. त्या निर्लज्ज माणसाचा हंसाईला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मग ती दारातल्या दगडावर बसलेल्या म्हातारीच्या पायाशी बसली.

"आई, तुमच्या लेकाचा कान मी पुसला. मोहोर मुकी पडली, ती मी ऐकली. मी भ्याले आणि खोटे बोलले. दुसऱ्या कुणी नाही, मी."

मुशीतले सोने पाण्यासारखे वितळले.

"बांधा हिला!" राजा ओरडला. शिपाई जागचे हलले नाहीत. मग त्यांच्यातला एक म्हातारा स्वार भाला खाली ठेवून म्हणाला, "महाराज, मीही त्या दिवशी पळालो." दुसरा म्हणाला, "मीही." मग तिसरा, मग सगळे. एकटा गजमल्ल तेवढा गप्प राहिला. राजाने खाली पाहिले. परातीतल्या पाण्यातून फाटक्या कानाचा एक माणूस त्याच्याकडे पाहत होता, आणि राजाला त्याच्या नजरेला नजर देता येईना.

हंसाईने परातीशी बसून तीन दिवस ठसा कोरला. बसके नाक, विरळ दाढी, कान, कानावरचा निसटलेला टाका, सगळे. पण मोहोर पडली तोवर म्हातारीच्या डोळ्यांतला शेवटचा उजेड गेला होता.

हंसाई म्हणाली, "आई, या मोहोरेचा नाद मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

म्हातारीने दगड चाचपला आणि मोहोर टाकली. ती खणखणली. त्याबरोबर देवळातली घंटा वाजली, रानातल्या गाईंची घुंगरे वाजली, बाळांचे वाळे वाजले, आणि गजमल्लाची तलवार म्यानातूनच ओरडू लागली, "पळाला! पळाला!" त्याने ती फेकली, तर कडे ओरडू लागले. कडे फेकले, तर पगडीवरची सोनेरी जर ओरडू लागली. शेवटी तो लंगोटीवर वेशीबाहेर पळाला. पळण्याची त्याला सवय होतीच.

ठसा फोडला गेला. "आता मोहोर खजिन्यात..." असे राजा म्हणू लागला, पण साळुंकीने त्याच्याकडे मान वळवताच त्याने पुढचे शब्द गिळले. ती स्फटिकाची पेटी अजून रिकामी आहे. शेजारचे राजे येतात, रिकामी पेटी पाहतात आणि परत जातात. ज्याचा चेहरा मोहोरेवर, त्याच्या घरच्यांनीच नाद सांगायचा, अशी टांकसाळीची रीत तेव्हापासून झाली.

म्हातारीने मोहोर उचलली होती. तिचा अंगठा नाकावरून दाढीवर गेला, दाढीवरून कानावर, आणि तिथे थांबला.

"इथेच," ती म्हणाली. "इथेच टाका निसटला होता. हात थरथरत होता माझा."

मोहोर मुठीत घेऊन ती बर्फाच्या वाटेने निघाली. हंसाई तिची काठी धरून खिंडीपर्यंत गेली.