वाळूवर लोळणारी वेल

समुद्राला अजून गावांची नावं पाठ नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका कोळीवाड्यापुढे वाळूची टेकडी होती आणि तिच्यावर मर्यादवेल पसरली होती. धुरपाबाय कोळणीला मासळी सुकवायला जागा कमी पडायची, म्हणून ती फावड्याने टेकडी सपाट करू लागली.

"दिवसभर नुसती लोळतेस. कामाची ना धामाची!" फावडं वेलीला म्हणालं.

"मी वाळू धरून ठेवते."

"वाळू काय पळून जाते?" फावडं हसलं आणि त्याने अर्धी टेकडी खरवडून काढली.

चार दिवसांनी भर दुपारी वादळ आलं. खरवडलेल्या बाजूने लाटा शिरल्या आणि मासळीसकट तिथली वाळूही घेऊन गेल्या. वेलीखालची टेकडी मात्र जागची हलली नाही. तिच्याच आडोशाला सगळा वाडा जीव मुठीत धरून बसला होता.

पाणी ओसरल्यावर धुरपाबायने एकेकाला हात लावून पाहिलं. "सगळी हायेत गो बाय!" म्हणत ती वेलीवरच मटकन बसली. मग उठून तिने वेलीचे तुकडे कापले आणि ते खरवडलेल्या बाजूला लावायला फावडं उचललं.

फावडं वेलीला म्हणालं, "बाई, तू खुशाल लोळ. खड्ड्यांचं माझ्याकडे लागलं."