किल्ली फिरवली होती का?

महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये एकदा एक मोटार ट्रॅक्टरच्या मागे बांधून आली. सकाळचे साडेदहा वाजले होते. ट्रॅक्टरवाल्याने दोर सोडला, हात जोडले आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. मोटारीशेजारी पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ उभा राहिला. त्याचे नाव सर्जेराव. त्याच्या अंगातला सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

हे गॅरेज कऱ्हाडच्या अलीकडे आहे, दस्तगीर मिस्त्रींचे. मिस्त्रींचे वय सत्तरीला टेकले होते. गाड्यांची सगळीच कामे त्यांनी आयुष्यभर केली. परंतु गेली कित्येक वर्षे त्यांची ख्याती एकाच कामासाठी होती. चुकीचे इंधन भरलेल्या गाडीतून ते इंधन शेवटच्या थेंबापर्यंत काढून, गाडी पूर्ववत करून देणे. डिझेलच्या गाडीत पेट्रोल, पेट्रोलच्या गाडीत डिझेल, पावसाचे पाणी शिरलेली टाकी, गंजाने तांबडे झालेले तेल, असे सर्व प्रकार त्यांच्याकडे येत.

त्यांच्या हाताखाली शलाका नावाची एक तरुण अभियंता दोन वर्षांपासून शिकत होती. पुण्यातल्या मोठ्या वर्कशॉपमधली नोकरी सोडून ती आली होती, कारण जे यंत्राला कळत नाही ते या म्हाताऱ्याला कळते असे तिने ऐकले होते. तिचे हात कुशल होते, नजर तीक्ष्ण होती. मात्र गाडी घेऊन आलेल्या माणसाकडे ती फारसे पाहत नसे. तिचे सारे लक्ष गाडीकडे.

"काय झालं?" तिने विचारले.

"डिझेलची गाडी आहे. पेट्रोल पडलं," सर्जेराव म्हणाला.

इतक्यात शेजारच्या हॉटेलाकडून एक मुलगी आपली चाकाची खुर्ची स्वतःच ढकलीत वेगाने आली. ती सर्जेरावची लेक, अक्षता. वय बावीस. गाडीची कथा तिने ट्रॅक्टर दिसताच ताडली होती.

"आबा, पेट्रोल?" एवढेच ती म्हणाली.

"पंपावरच ध्यानात आलं गं. लगेच थांबवलं."

शलाकाने मोटारीचे मागचे दार उघडले. आत खुर्चीसकट चढण्यासाठी लोखंडी उतार बसवलेला होता, पुढे हाताने चालवायचे ब्रेक-अ‍ॅक्सिलेटर होते आणि एका बाजूला लांब काळ्या पेटीत धनुष्य होते. अक्षता तिरंदाज होती. राज्याच्या दिव्यांग संघाची निवड त्याच दिवशी पुण्यात सुरू होणार होती आणि दुपारी चारच्या आत तिथे हजर राहून नाव नोंदवणे आवश्यक होते. चार वाजून एक मिनिटाला नोंदणी बंद. दुसरी गाडी करून जावे तर खुर्चीसकट बसता येईल अशी गाडी आसपास कुठेच नव्हती. साडेबाराच्या आत निघाले तरच वेळ साधणार होती.

"नुसती टाकी रिकामी करायची असेल तर पाऊण तासात देते," शलाका म्हणाली. मग हातमोजे चढवीत तिने मोठ्या आवाजात विचारले, "किल्ली फिरवली होती का? इंजिन चालू केलं होतं? खरं सांगा, नाहीतर गाडीचं वाटोळं होईल."

गॅरेजमधल्या चार माणसांनी माना वळवल्या. सर्जेरावने एकदा लेकीकडे पाहिले.

"न्हाई. किल्लीला हातसुद्धा लावला न्हाई."

"आबा खोटं नाही बोलत कधी," अक्षता अभिमानाने म्हणाली.

हे ऐकून सर्जेरावने मान खाली घातली. शलाकाच्या ते ध्यानात आले नाही. तिने बॅटरीची तार सोडवली, आग विझवण्याचे नळकांडे जवळ आणून ठेवले आणि टाकीत सोडायची नळी उचलली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरून दस्तगीर मिस्त्री उठले. त्यांनी तिच्या हातातली नळी घेतली आणि शांतपणे खिळ्याला अडकवून ठेवली.

"पाहुणे," ते सर्जेरावला म्हणाले, "मागं बोअरचं पाणी गार आहे. चला, हातपाय धुऊन येऊ."

"चाचा, आत्ता?" शलाका जवळजवळ ओरडलीच. "यांना साडेबाराला निघायचंय!"

"म्हणून तर आत्ताच," मिस्त्री म्हणाले आणि सर्जेरावच्या खांद्यावर हात टाकून मागच्या अंगणात निघून गेले.

पाच मिनिटे गेली. दहा गेली. मागच्या खिडकीतून दिसत होते: मिस्त्री एका जुन्या टायरवर बसून काहीतरी सांगत होते आणि सर्जेराव समोर उभा राहून ऐकत होता. शलाका सारखी घड्याळाकडे पाहत होती. गुरूची आज्ञा मोडून कामाला हात घालावा असा विचारही तिच्या मनात येऊन गेला.

"तू घाबरू नकोस," ती अक्षताला म्हणाली. "वेळेत देते मी."

"मला गाडीची काळजी नाही एवढी," अक्षता म्हणाली. "आबांची आहे. मागल्या वर्षी निवडीची तारीख आबांनी चुकीची वाचली. आम्ही पोचलो तेव्हा मैदानावरची लक्ष्यं उचलून नेत होते. त्यानंतर सगळं मीच बघते. कागद, वेळ, गाडीची हवा, गाडी चालवणंसुद्धा. आबांच्या हाती काही देतच नाही. आज सकाळी पहिल्यांदा म्हटलं, मी नाश्ता करते, तुम्ही तेवढं डिझेल भरून आणा."

शलाकाने पुन्हा मागच्या खिडकीकडे पाहिले.

दोघे परत आले तेव्हा पाऊण तासाच्या बोलीतली पंधरा मिनिटे संपली होती. सर्जेरावचा चेहरा ओला होता, तो धुतल्यामुळे की अन्य कशामुळे हे सांगणे कठीण होते. मिस्त्री शलाकाच्या जवळ आले आणि तिच्यापुरतेच बोलले.

"नुसत्या टाकीनं भागायचं नाही. गाडी दीड किलोमीटर चाललीय. बंद पडल्यावर चार वेळा किल्ली मारलीय. फिल्टर, नळ्या, पंप, इंजेक्टरपर्यंतची सगळी वाट धुवायची. लाग."

शलाकाच्या सारे ध्यानात आले. डिझेल हे नुसते जळत नाही. इंजिनाकडे जाताना गाडीतल्या इंधनपंपाच्या भागांना ते वंगणही पुरवते. पेट्रोल ते वंगण धुऊन काढते. टाकी रिकामी करून, नळ्यांत उरलेल्या पेट्रोलसकट तिने गाडी सोडली असती, तर खंबाटकीच्या चढाला पंप घासून गेला असता आणि घाटाच्या मध्यावर ही मुलगी अडकली असती. तेही शलाकाने दिलेल्या खात्रीवर.

मग मात्र त्या गॅरेजमध्ये जे काम झाले, ते पाहणाऱ्यांनी पुढे अनेक दिवस सांगितले. सत्तर वर्षांचा म्हातारा बाह्या सारून गाडीखाली गेला. शलाकाने टाकी उपसली. फिकट, उग्र वासाचे मिश्रण पिंपात गेले. टाकीच्या तळाशी राहिलेले तिने बारीक नळीने शोषून घेतले, स्वच्छ डिझेलने टाकी खंगाळली आणि तेही काढून टाकले. जुना फिल्टर कापून पांढऱ्या कपड्यावर उलटा केला. मिस्त्रींनी भिंगाखाली तो कपडा फिरवून फिरवून पाहिला. धातूचा कीस असता तर सारेच संपले होते.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "वेळेत थांबली गाडी."

नवा फिल्टर बसला. परतीच्या नळीचे टोक काचेच्या बाटलीत सोडून शलाका हातपंपाने डिझेल पुढे रेटू लागली. पहिली बाटली फिकट आली, ती ओतून दिली. दुसरी थोडी गडद. सर्जेराव न सांगता पुढे झाला आणि बाटल्या धरू लागला; एकेक बाटली उजेडात धरून तो मिस्त्रींना दाखवी आणि मिस्त्री मान हलवीत. अक्षताने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोठ्याने वेळ सांगण्याचे काम घेतले होते. "बाराला दहा!" "बारा!" "बारा दहा!" सातव्या बाटलीतले डिझेल आणि नव्या पिंपातले डिझेल शेजारी शेजारी धरले, तेव्हा दोघांच्या रंगात काडीचा फरक उरला नव्हता.

शलाकाने बॅटरी जोडली आणि ती चालकाच्या जागेवर बसली. किल्लीला हात घालणार, तोच सर्जेराव म्हणाला, "थांबा जरा ताई."

तो लेकीसमोर गेला आणि तिच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला.

"अक्षे, मी खोटं बोललो. पंपावर ध्यानात आलंच न्हवतं मला. वीस वर्षं रिक्षात पेट्रोल भरलं, तसं सवयीनं तोंडातून पेट्रोल गेलं. गाडी घेऊन निघालो. रस्त्यात ठोकायला लागली तरी अ‍ॅक्सिलेटर दाबत ऱ्हायलो. म्हटलं, परत माझ्यामुळं चुकलं असं तुला कळायला नको. ह्यांना मागं सगळं सांगितलंय. तुला सांगायचं ऱ्हायलं होतं."

अक्षता बापाकडे पाहत राहिली. तिला राग आला होता हे दिसत होते. आणि मग तो राग हळूहळू उतरला हेही दिसले.

"मिस्त्रींना सगळं खरं सांगितलंत ना?"

"सगळं."

"मग आता पुण्यापर्यंत गाडी तुम्हीच चालवा," ती म्हणाली. "मला हात दुखवून चालणार नाही. संध्याकाळी बाण सोडायचेत."

शलाका खाली उतरली आणि तिने किल्ली सर्जेरावच्या हातावर ठेवली. तो आत बसला. पहिल्या वेळी इंजिन नुसतेच फिरले. दुसऱ्या वेळी खोकले. तिसऱ्या वेळी मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला, गाडी थरथरली आणि मग एकाएकी तो आवाज सुरू झाला, जो ऐकण्यासाठी प्रत्येक मिस्त्री जगतो: सलग, घट्ट, कुठेही न अडखळणारा. गॅरेजमधली माणसे टाळ्या वाजवू लागली. हॉटेलवाला पळत बाहेर आला. अक्षताने दोन्ही मुठी आकाशाकडे उंचावल्या. बारा वाजून पंचवीस मिनिटांनी ती मोटार महामार्गाला लागली, आणि वळणाआड जाईपर्यंत सर्जेराव हॉर्न वाजवीत राहिला.

धूळ खाली बसल्यावर शलाका गुरूपाशी आली.

"चाचा, तो खोटं बोलतोय हे तुम्हाला कसं कळलं?"

"ते कळायला काय? किल्लीला हात न लावणारा माणूस एवढा घामाघूम नसतो."

"मग तिथंच का नाही विचारलंत? नाहीतर मला फिल्टर उघडायला सांगितलं असतं, तर पेट्रोल तिथवर आलंय हे दिसलंच असतं. पंधरा मिनिटं वाचली असती."

दस्तगीर मिस्त्री हात पुसत बाकावर बसले.

"फिल्टरनं सांगितलं असतं की गाडी चालली. किती चालली, किती वेळा किल्ली मारली, हे फिल्टर सांगत नाही. ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तू त्याला विचारलंस, पण त्याच्या लेकीसमोर, चार माणसांत, आवाज चढवून. त्या जागी खरं बोलायला त्याला तोंडच उरलं नव्हतं. म्हणून त्याला दुसऱ्या जागी नेलं."

"आणि तिथं काय विचारलंत?"

"काही नाही. आधी माझं सांगितलं. तुझ्या वयाचा असताना एका डॉक्टरांच्या गाडीत ब्रेकच्या भांड्यात मी इंजिनचं तेल ओतलं. चूक लगेच कळली. पण उस्ताद रागावतील म्हणून गप्प बसलो. आठवड्यानं ब्रेक गेला, डॉक्टर वर्षभर काठी घेऊन चालले. तेल ओतणं ही चूक होती, बेटा. ती कुणाच्याही हातून होते, आणि काढता येते. तेवढ्यासाठीच आपलं दुकान आहे. पाय मोडला तो माझ्या गप्प बसण्यानं. हे ऐकल्यावर त्यानं आपणहून सांगितलं. मी एक शब्द विचारला नाही."

दोन वर्षांत या माणसाची हत्यारे कशी चालतात ते शलाका शिकली होती. आपल्यासमोरच्या माणसाशी कसे बोलावे हे मात्र आज प्रथमच तिला दिसले होते.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी फोन आला. आवाज अक्षताचा होता आणि तिच्या मागे कोणीतरी हसत-रडत ओरडत होते.

"ताई, चारला बारा मिनिटं असताना पोचलो! आणि आत्ता यादी लागली. राज्याच्या संघात माझं नाव पहिलं आहे. मिस्त्रींना सांगा, आबा म्हणतायत, घाट एका दमात चढली गाडी!"

पुढच्याच आठवड्यात एक साहेब आणि त्यांचा चालक एक बंद पडलेली गाडी घेऊन आले. साहेब संतापले होते, चालक जमिनीकडे पाहत होता. शलाकाने साहेबांना हॉटेलात चहाला बसवले. मग चालकाला ती मागच्या अंगणात घेऊन गेली, त्याच्या हातावर गार पाणी घातले आणि म्हणाली, "दादा, मागल्या आठवड्यात माझ्या हातून काय होणार होतं, ते सांगते तुम्हाला."

ज्याला खरे ऐकायचे आहे, त्याने ते बोलता येईल एवढी जागा समोरच्याला आधी द्यावी.