दुमिंग पाटलांचा पुढचा मान

दुमिंग पाटलांनी अट घातली आणि सणाच्या आदल्या दिवशी अख्खं गाव डोक्याला हात लावून बसलं.

"मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे मी! संत याकोबांच्या पालखीच्याही पुढे! पण त्यांच्याकडे माझी पाठ होता कामा नये. भाविक माणूस आहे मी!"

भाविकच ते! वर्षातून एकदा चर्चमध्ये यायचे, तेही संतांना आपलं दर्शन घडावं म्हणून. पण मांडव त्यांचा, बँड त्यांचा, गावजेवणाचा तांदूळही त्यांचाच. अट पाळली नाही तर सगळं परत नेणार होते.

फादर चाचरत म्हणाले, "पालखीतल्या संतांच्या मूर्तीचं तोंड मागे फिरवून ठेवू का?"

"म्हणजे संतांची माझ्याकडे पाठ? मी कोण, ठाऊक आहे ना त्यांना?"

फादर तरी संतांच्या वतीने काय सांगणार?

केळीच्या वाडीत राबणाऱ्या पास्कूची मुलगी नाताळीन चर्चच्या ओट्यावर पालखीसाठी मोगरा ओवत होती. तिची भावंडं महिनाभर बँडच्या गोष्टी करत होती, आणि इथे बँड निघाला परत! तिच्या कपाळाची शीर उठली. हातातली माळ बाजूला ठेवून ती उठली.

"पाटील, एवढंच ना? तुम्ही सगळ्यांत पुढे राहा, संतांकडे तोंड करा आणि उलट्या पावलांनी चाला!"

लोक फिसकन हसले. पाटील गुरकावले, "आणि दगडाला ठेचकाळून पडलो तर?"

"कसे पडाल? हातात खराटा देते ना! पाठीमागची वाट झाडत झाडत सरकायचं!"

"मी? खराटा घेऊ?"

"का हो? भाविक माणसाला संतांची वाट झाडायची लाज वाटते?"

आता हो म्हणावं तर हातात खराटा, नाही म्हणावं तर भाविकपण गेलं! पाटील लालबुंद झाले. त्यांनी फादरांकडे पाहिलं. फादर खोकल्याच्या निमित्ताने रुमालात तोंड खुपसून बसले होते, पण खांदे गदागदा हलत होते. ते पाहून पाटलांचाच बांध फुटला. पोट धरधरून हसले!

"पोरी, जिंकलीस! बँड वाजेल, जेवणही होईल. मी आपला मेणबत्ती घेऊन संतांच्या मागे चालेन. आणि माझ्या गोठ्यातली दुभती म्हैस आजच तुझ्या दारात बांध!"