पहाऱ्याचं कार्ड

“...पण तिनंच घात केला, हे सिद्ध कसं करू, बुवा?”

मिहीर अजून बसलाही नव्हता. मठात बुवा पावटे सोलत होते.

“कुणी रे?”

“अनघानं. दुसरं कोण? सर्व्हर रूमच्या दोनच किल्ल्या. एक तिच्याकडे, एक माझ्याकडे.”

मिहीर एका साचे बनवणाऱ्या कारखान्यातले संगणक सांभाळायचा. अनघा त्याच्या हाताखाली. पोरगी हुशार, आणि नेमकं तेच त्याच्या डोळ्यांत सलायचं. रविवारी विजेच्या कामासाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला आणि सोमवारी एकाही संगणकावर डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडेना. सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या एका सर्व्हरलाच बांधलेलं; ते मिळत नाही, एवढंच पडद्यावर येई. सगळं काम ठप्प झालं. मालकांनी संध्याकाळपर्यंत दोषीचं नाव मागितलं होतं. ज्याचं नाव जाईल, त्याची नोकरी जाणार.

“लायसन्स सर्व्हरला ओळखतं कसं?”

“नेटवर्क कार्डाच्या नंबरावरून. प्रत्येक कार्डाचा वेगळा असतो. सर्व्हर नव्यानं सुरू झाला की विचारतं, तू तोच का? आता म्हणतं, ओळखत नाही. यंत्र तेच, जागा तीच! कुणी हात मारल्याशिवाय असं होईल?”

बुवांनी घागर पुढे सरकवली.

“टाक्यावरून पाणी आण.”

मिहीर कुरकुरत उठला. जाताना लॅपटॉपची बॅगही खांद्याला लावली. मठात बुवांखेरीज चिटपाखरू नव्हतं, पण आजकाल भरवसा कुणाचा धरावा?

तो परतला तेव्हा दार बंद होतं. मठाची रीतच तशी. पाण्याला गेलेल्यानंही आल्यावर नाव सांगायचं, मगच कडी निघायची.

“कोण?”

“मी. मिहीर.”

“ओळखत नाही.”

“बुवा, आत्ताच तर गेलो होतो!”

“मिहीर मागं असेल. पुढं दुसराच उभा आहे. त्या पोरीवर संशयाचा पहारा ठेवणारा. मला आधी तोच दिसतो.”

“इथं माझ्याशिवाय कुणी...”

मिहीर थबकला. घागरीतलं पाणी हिंदकळून पायांवर सांडलं.

पहारा...

दिवाळीच्या सुमारास त्यानं चालू सर्व्हरला यूएसबीतून एक जादा नेटवर्क कार्ड गुपचूप जोडलं होतं. अनघा दिवसभर काय काय उघडते, ते बघायला. सापडलं काहीच नव्हतं, म्हणून तर त्याचा संशय आणखी बळावला होता. तेव्हापासून सर्व्हर एकदाही बंद झाला नव्हता. रविवारी झाला. पुन्हा उठताना सर्व्हरनं ते नवं कार्ड पहिलं धरलं असणार, आणि लायसन्सनं त्याचाच नंबर वाचला असणार.

म्हणजे घात त्यानंच केला होता. आणि लगेच मिहीरला हायसंही वाटलं.

“सापडलं, बुवा! ते कार्ड काढलं की झालं. अनघाचं नाव देत नाही मी.”

कडी निघाली नाही.

“मालकांना सांगतो, बंद-चालू करताना काहीतरी बिघडलं होतं, दुरुस्त केलं. कार्डाचं कुणाला कळायचं कारण नाही. तिलाही नाही...”

आतून पावट्याची एक शेंग फुटल्याचा आवाज तेवढा आला.

“बुवा, घागर जड झालीय. उघडा ना.”

“कोण?”