हातभर उघडी भिंत

वाटेत विटांचा तो ढीग ओलांडून आलात ना? त्या विटा तिथे कशा आल्या ते शेवटी सांगतो. आधी माझ्या घराच्या या भिंतीकडे बघा. डोंगराच्या अंगाला हातभर रुंद आणि हातभर उंच जागा मोकळी सोडलेली आहे. तिला काच नाही, गज नाहीत, साधा पडदासुद्धा नाही. कुडेवाडीत बेचाळीस घरं आहेत. घर मातीच्या विटांचं असो की सिमेंटच्या, ही जागा तुम्हाला प्रत्येक घरात सापडेल. घरकुलाचं काम तपासायला एक साहेब आले होते, त्यांनी वहीत ‘बांधकाम अपूर्ण’ असा शेरा मारला. मारू दे. ही जागा ठेवल्याशिवाय आमच्याकडे कुणी वास्तुशांत करत नाही.

आता तिच्यातूनच बाहेर बघा. दोन डोंगर दिसतात. डावीकडचा बोडका. त्याचं नावच बोडका, कारण त्याच्यावर दगड आणि चार कुसळं यांच्याशिवाय काही नाही. उजवीकडचा कारवाईचा. त्याच्यावर वाढणाऱ्या कारवीच्या झुडपाला आम्ही आई मानतो, म्हणून कारवाई. यंदा त्याचं सातवं वर्ष. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत जांभळा झाला होता. तुम्ही मोबाईलवर फोटो बघून धावत आलात खरे, पण फुलं काही तुमच्यासाठी थांबली नाहीत. आता झुडपांवर हिरवी बोंडं धरली आहेत, आणि आमच्या लेखी तीच फुलांपेक्षा महत्त्वाची.

ही कारवी सहा वर्षं नुसती वाढते. सातव्या वर्षी फुलते, बी धरते आणि वाळून मरते. तिच्या काठ्या सरळ आणि चिवट असतात. त्या शेजारी शेजारी बांधायच्या आणि शेणामातीने लिंपायच्या, की झाली भिंत. त्या भिंतीला आम्ही कुड म्हणतो आणि गावाचं नाव त्यावरूनच पडलं. मी बुधा बांबळे. माझा जन्म कुडाच्या घरातच झाला. पुढची हकिगत मला माझ्या आज्याने सांगितली, त्याला त्याच्या आज्याने सांगितली होती म्हणे.

त्या काळी पलीकडच्या सुळक्यावर गड होता आणि गडावर एक किल्लेदार होता. त्याचं नाव आम्ही मुद्दाम विसरलो आहोत. आमच्या गावात ठकू नावाची एक तरुण सून होती. तिच्या कोयत्याला सगळ्यात जास्त धार आणि तिच्या जिभेला त्याहून जास्त, असं सांगतात. एका सातव्या वर्षी किल्लेदाराचा निरोप आला की शिपायांच्या छपरांना कारवी हवी, बोडक्याची कापून द्या. तेव्हा तो बोडका नव्हता, त्याला मोहऱ्या म्हणत. म्हातारी माणसं कचरली. फुलोऱ्याच्या वर्षी कारवी तोडायची नाही असं ती ऐकत आली होती, पण का, ते कुणाला नीट सांगता येईना. तेव्हा ठकू म्हणाली, “औंदा ती मरणारच हाय. मरायच्या आधी कापली तर काय बिघडलं?”

बोलणं सगळ्यांना पटलं. अख्खं गाव मोहऱ्यावर चढलं आणि आठ दिवसांत डोंगर साफ झाला. बी धरण्याआधीच कारवी गेली, त्यामुळे खाली एक दाणा पडला नाही. पुढच्या पावसाळ्यात माती धरून ठेवायला काही उरलं नाही आणि डोंगराची एक बाजू उतारावरून खाली आली. खाचरात ठकूचा नवरा भाताची लावणी करत होता. तो तिथेच गाडला गेला, बैलांसकट. नंतर मोहऱ्याचा झरा आटला. आग्या माशा कडा सोडून गेल्या, भेकरं आणि रानकोंबड्याही गेल्या. चूक साऱ्या गावाने केली होती, पण ठकूने ती एकटीच्या डोक्यावर घेतली. तिने कोयता चुलीमागे खोचला आणि पुढची सात वर्षं त्याला हात लावला नाही म्हणतात.

सात वर्षांनी कारवाईचा डोंगर फुलला. दसरा झाला, बोंडं धरली, आणि किल्लेदाराचा माणूस पुन्हा दारात उभा राहिला. या वेळी फौज मोठी होती आणि कारवी दुप्पट हवी होती. ठकू त्या माणसासोबत गडाच्या पायथ्याला गेली आणि किल्लेदारापुढे उभी राहिली. तिने एवढंच मागितलं, की वैशाखापर्यंत थांबा. बोंडं वाळून फुटू देत, मग लागेल तेवढी वाळकी कारवी आम्ही स्वतः वाहून आणतो.

किल्लेदार हसला. म्हणाला, “ती यंदा मरणारच आहे ना? मग आधी कापली तर काय बिघडलं?”

स्वतःचेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकून ठकूच्या काळजात काय झालं असेल, ते तुम्हीच बघा. पण ती मागे हटली नाही. “सरकार,” ती म्हणाली, “तुमाला कारवी पायजे, ती मिळल. पर डोंगराची नाय.”

गावात परत येऊन तिने आपल्या घराच्या कुडाला हात घातला. लिंपण फोडलं, बंध सोडले आणि काठ्यांचे भारे बांधले. मग शेजाऱ्यांनी आपलं घर उकललं, मग त्यांच्या पलीकडच्यांनी. तीन दिवसांत कुडेवाडीत घरांना छपरं होती, खांब होते, पण भिंती नव्हत्या. चुली, कणग्या, बाळंतिणींची बाजेवरची अंथरुणं, सगळं उघड्यावर आलं. धुराने काळे झालेले ते भारे लोकांनी गडाखाली नेऊन टाकले. त्यांच्यासोबत आमचे ढेकूणही गेले, आणि शिपाई महिनाभर खाजवत होते, असं माझा आजा फार आनंदाने सांगायचा.

किल्लेदाराला हुकमाप्रमाणे कारवी मिळाली होती, त्यामुळे शिक्षा करायला निमित्त उरलं नाही. पण तो मनातून चिडला. भारे टाकून लोक परत निघाले तेव्हा म्हणाला म्हणे, की एकदा पौषाचा वारा सुटू दे, तुम्हीच कोयते घेऊन डोंगर चढाल.

पौषाचा वारा सुटला. या माथ्यावर तो कसा असतो ते तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही जाकिटं घालून येता. लोकांनी गवताचे पेंढे उभे केले, ते उडून गेले. घोंगड्या टांगल्या, तर पांघरायला काही उरेना. त्या थंडीत गावातली तीन म्हातारी माणसं दगावली. त्यांत ठकूचा सासरा होता. मरताना त्याने तिला दोष दिला नाही, पण बाकीच्यांनी द्यायला सुरुवात केली होती. हिचं ऐकून एकदा डोंगर गेला, आता माणसं चालली, असं लोक तिच्या तोंडावर बोलू लागले.

एका सकाळी तिचा धाकटा दीर खेमा कोयता घेऊन कारवाईच्या वाटेला लागला. त्याची तान्ही पोर छातीत कफ भरून घरघरत होती. ठकू वाटेत आडवी आली.

“वैनी, बाजूला व्हा,” तो म्हणाला. “मला एकच कुड पायजे. माझी पोर मरतेय.”

“एक तू कापशील, मग समदे कापतील,” ठकू म्हणाली. “कुड पायजे ना? माझा घे.”

तिच्या घराचा एक कुड अजून उभा होता. सासरा अंथरुणाला खिळलेला होता म्हणून गावानेच तो उतरवू दिला नव्हता. सासरा गेला, तरी तिने तो ठेवला होता, कारण तिलाही थंडी वाजत होती. त्या सकाळी तिने तो कुड खांद्यावर घेऊन खेमाच्या घरी नेला आणि पोरीच्या बाजेच्या वाऱ्याकडच्या अंगाला स्वतः बांधला. पोर वाचली. आम्ही बांबळे त्याच पोरीच्या वंशातले, असं सांगतात. ठकूने उरलेला हिवाळा चार उघड्या खांबांमध्ये काढला आणि त्यानंतर गावातलं कुणी तिला काही बोललं नाही.

मग वैशाख आला. बोंडं वाळून तांबूस झाली. एका दुपारी आभाळ दाटलं, वळवाचे चार थेंब पडले आणि डोंगरावर तडतड सुरू झाली. वाळक्या बोंडाला ओल लागली की ते फटकन फुटतं आणि बी लांब उडतं. एक बोंड फुटलं तर कानाला कळतही नाही, पण त्या दिवशी अख्खा डोंगर फुटत होता. याआधी दर सात वर्षांनी हे होत आलं होतं, पण भिंतींच्या आत बसलेल्या लोकांनी ते कधी मन लावून ऐकलं नव्हतं. आता भिंतीच नव्हत्या. माणसं होती तिथे खाली बसली आणि ऐकत राहिली. ठकू त्या दिवशी नवऱ्याचं नाव घेऊन रडली. सात वर्षांत पहिल्यांदा, असं म्हणतात.

गडाखालच्या छावणीत मात्र पळापळ झाली. शिपायांना वाटलं, बंदुका चालल्या. ते हत्यारं शोधत सैरावैरा धावले. किल्लेदाराने गावात माणूस पिटाळला, की गोळीबार कोण करतंय. ठकूने उलट निरोप धाडला, “घाबरू नका म्हणावं. आमचा डोंगर पेरणी करतोय.”

त्या पावसाळ्यात कारवाईवर बोटभर उंचीची रोपं उगवली. बाजूच्या बोडक्यावर नुसताच चिखल वाहिला. गावाने पुढे नवे कुड बांधले ते मेलेल्या, वाळलेल्या कारवीचे. बांधताना ठकू म्हणाली की डोंगराच्या अंगाला हातभर जागा सोडा, म्हणजे पुढच्या वेळी ऐकायला येईल. गड पडला, किल्लेदार गेला, ती जागा राहिली.

आता त्या विटांचं सांगतो. पायथ्याला पिवळं मशीन उभं आहे, ते तुम्ही पाहिलं असेल. कारवाईच्या माथ्यावर हॉटेल व्हायचं आहे, त्यासाठी रस्ता कापायचा आहे, आणि तोही याच वर्षी, बोंडं हिरवी असताना. आम्ही म्हणालो, निदान वैशाखापर्यंत थांबा, मग बसून बोलू. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “बाबा, ते झुडूप यंदा मरणारच आहे.” त्याला ठकू ठाऊक नाही, हे मला कळत होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. त्याच दुपारी माझ्या सुनेने पहार घेतली आणि या मोकळ्या जागेच्या कडेच्या दोन विटा काढून मशीनच्या वाटेवर नेऊन ठेवल्या. संध्याकाळपर्यंत बेचाळीस घरांतल्या विटा तिथे होत्या.

मनात आणलं तर मशीन तो ढीग एका धक्क्यात बाजूला करेल. ते आम्हालाही दिसतं. पण घरात विटा अजून पुष्कळ आहेत, आणि वैशाखाला पाचच महिने उरले आहेत.

आजही कुडेवाडीत ही जागा कुणी बुजवत नाही. यंदा तर ती हातभराची दीड हात झाली आहे. पौषात वारा थेट अंथरुणात येतो. येऊ दे.